भाऊंनी काही केलं नव्हतं

ज्या सकाळी मी नाशिक सोडलं, त्या सकाळी आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर माझा फ्लेक्स लागला होता. माझा म्हणजे, मी त्यात होते. खाली डाव्या बाजूला, पासपोर्टच्या फोटोएवढी. बाकी सगळा फ्लेक्स भाऊंचा. हात जोडलेले, गॉगल कपाळावर. वर लिहिलं होतं, ‘सातपूरची कन्या झाली पायलट’ आणि त्याखाली दुप्पट मोठ्या अक्षरांत, ‘भाऊंच्या प्रयत्नांना यश’.

नाशिकरोडहून दिल्लीची गाडी पकडायची होती. ट्रेनिंग तिकडे होतं. रिक्षात मागे आई, मी आणि बॅगा, वडील, म्हणजे नाना, पुढे ड्रायव्हरला चिकटून बसलेले. कोपरा आला तशी नानांनी रिक्षा थांबवली, खाली उतरले आणि फ्लेक्सवरच्या भाऊंना नमस्कार केला. मग मला म्हणाले, “उतर गं वैशे. पाया नको पडू, पण हात तरी जोड. लोकं बघत्यात.”

मी उतरले नाही. गाडी चुकेल, म्हटलं.

“पोरगी किती खंबीर, घर सोडताना डोळ्यांतून टिपूस नाही काढलं,” असं आई अजून सगळ्यांना कौतुकानं सांगते. आई, खंबीर कसली, डोक्यात जाळ होता माझ्या.

भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. सातपूरला कंपनीत लागायचं तर कोणीतरी कोणाला तरी शब्द टाकावा लागतो, हे आमच्याकडे पोरांना शाळेच्या आधी कळतं. पेठ तालुक्यातल्या खेड्यातून नाना आले, तेव्हा असाच कोणीतरी शब्द टाकला म्हणून पॉवर प्रेसवर, पत्रे दाबायच्या मशीनवर, लागले, आणि अजून कोणीतरी टाकला म्हणून पर्मनंट झाले. त्यांच्याहून चांगले कारागीर शब्दावाचून कॉन्ट्रॅक्टवरच म्हातारे झाले. हे नानांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, फिजिक्समध्ये पहिल्या वर्गात, त्यावर पायलटचं लायसन्स, तरी नानांचा प्रश्न एकच होता: “ते समदं झालं. पण तिथं वळखीचं कोण हाय?”

लायसन्ससाठी पैसे घातले ते नानांनीच. गावाकडची वाटणीची जमीन रस्त्यात गेली, त्याचे आले होते. सगळे काका फ्लॅट घ्या म्हणत होते. नानांनी ऐकलं नाही. हे मी विसरलेले नाही. म्हणूनच तर राग इतका येतो.

लायसन्स हातात आलं आणि कुठूनच बोलावणं येईना, तेव्हा नाना मला भाऊंकडे घेऊन गेले. शाल, नारळ, इस्त्रीचा शर्ट. बाहेरच्या बाकावर आम्ही अर्धा दिवस बसलो. आत गेलो तर भाऊ फोनवर. फोन खाली न ठेवताच म्हणाले, “पायलट? अरे वा! म्हणजे ती एअर होस्टेस ना?”

“हो साहेब,” नाना म्हणाले.

मी म्हटलं, “नाही. विमान चालवणारी.”

भाऊ हसले. शेजारच्या कार्यकर्त्याला म्हणाले, “बघ रे, आपल्या एरियातली पोरगी विमान चालवणार. तुला अजून बुलेट नीट चालवता येईना.” सगळे हसले. नाना सगळ्यांत जास्त. मग भाऊ म्हणाले, “बघतो, बघतो.” माझ्या नोकरीसाठी भाऊंनी केलेले प्रयत्न ते एवढेच.

ओळख म्हणजे काय असते, ते मला भाऊंनी नाही, आर्यननं दाखवलं. आर्यन फ्लाइंग क्लबमधला माझा बॅचमेट. वडील मोठ्या एअरलाइनमध्ये कॅप्टन. पोरगा वाईट नव्हता, विमानावर हातही चांगला होता. आम्ही दोघं एकाच भरतीला बसलो. लेखी परीक्षेत मी त्याच्या पुढे, सिम्युलेटरला दोघंही पास. इंटरव्ह्यूत मला विचारलं, घरात फ्लाइंगमध्ये कोणी आहे का? मी म्हटलं, वडील प्रेस ऑपरेटर होते. त्यांना वाटलं वर्तमानपत्राचा प्रेस. समजावून सांगितलं, तर पुढचा प्रश्नच आला नाही. आर्यनला त्याच महिन्यात जॉइनिंग आलं. मला ‘होल्ड’. त्याला फोन केला तर म्हणाला, “तू फार विचार करतेस यार. पप्पांनी फक्त एक फोन केला.”

फक्त! दोन वर्षं मी कॉलेज रोडला क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवलं. लायसन्स चालू राहावं म्हणून मेडिकल आणि तपासणीची उड्डाणं करत राहिले. लग्नकार्यात बायका आईला विचारायच्या, “काय गं, विमान उडलं का?” शेवटी त्याच एअरलाइनची भरती परत निघाली. मी सगळं पहिल्यापासून दिलं, लेखी, सिम्युलेटर, इंटरव्ह्यू, आणि निवडले गेले. या वेळी त्यांना माणसं जास्त हवी होती, म्हणून ओळखीवाले संपल्यावरही जागा उरल्या. मी लायक होते म्हणून आत गेले, पण माझ्यापर्यंत पाळी आली ती जागा उरल्या म्हणून. लेखाचा मथळा असतो ना, ओळख मोठी की गुणवत्ता, त्याचं माझ्यापुरतं उत्तर हे असं आहे.

निकाल आला त्या संध्याकाळी नानांनी पेढे आणले आणि पहिला पुडा घेऊन थेट भाऊंकडे गेले. दोन वर्षांपूर्वी शब्द टाकला होता ना, मग सांगायला नको? माझ्या धाकट्या भावाचं, गणेशचं, कंपनीत अजून कॉन्ट्रॅक्टच होतं, तोही हिशोब मनात असणार. गणेश सोबत गेला होता. त्यानं मला नंतर सांगितलं, भाऊंनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, “कोणती पोरगी?” आणि मी निघाले त्या दिवशी फ्लेक्स.

आता मी कोलकात्यात असते, एअरबसच्या उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर. आमच्या धंद्यात एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते: सगळं सीनिऑरिटीवर चालतं. ज्या तारखेला तुम्ही कंपनीत लागलात, त्यावरून नंबर लागतो, आणि तो निवृत्त होईपर्यंत सोबत राहतो. कोणाला कुठलं शहर, दिवाळीत कोणाला सुट्टी, कॅप्टन आधी कोण, सगळं त्या नंबरावर. तुम्ही विमान कितीही सुरेख उतरवा, पुढचा पुढेच. आर्यन मुंबईला आहे. मी दर वेळी मुंबई मागते आणि दर वेळी कोलकाता मिळतं. त्या एका फोनची लांबी मोजायची तर सातपूर ते कोलकाता मोजा.

हे सगळं गेल्या मे महिन्यात मी घरी बोलले. नाना कोणाला तरी फोनवर सांगत होते, “आमच्या वैशालीचं भाऊंनी केलं ना, तुम्ही पण भेटा त्यांना.” मी ताटावरून उठले. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं. म्हटलं, “नाना, भाऊंनी काही केलं नाही. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं. मी केलंय. मी!” आर्यनचं सांगितलं, फोनचं सांगितलं, नंबराचं सांगितलं, मुंबई का मिळत नाही ते सांगितलं. आई म्हणत होती, “हळू बोल गं, शेजारी ऐकतील.” ऐकू देत म्हटलं.

नाना शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, पटलं. मग त्यांनी विचारलं, “म्हंजी तवा कोणी खरंच शब्द टाकला असता, तर तू आज मुंबईला असती?”

मी परत ताटावर बसले. कारण उत्तर ‘हो’ होतं.

“मंग माझंच चुकलं,” नाना म्हणाले. “एकदाच गेलो भाऊंकडं. अजून दोन-चार चकरा मारायला पायजे होत्या.”

मला भाऊंचा राग नाही, म्हणजे आहे, पण तो फ्लेक्सवर थुंकून संपेल एवढाच. माझा राग याच्यावर आहे की ज्या माणसानं जमिनीचा आलेला पैसा माझ्यावर लावला, त्याला मी जिंकले तरी मी जिंकले असं वाटू शकत नाही. इतकं पक्कं शिकवलंय त्याला सातपूरनं. आणि आर्यनच्या वडिलांच्या त्या फोननं त्याला खोटंही पाडलं नाही.

कोलकात्यात माझं बरं चाललंय. घरमालकीणबाई मला ‘पायलट दीदी’ म्हणतात आणि पाहुण्यांना माझी ओळख करून देतात. तिथे कोणी विचारत नाही नोकरीला कोणी लावलं, आणि विचारलं तर मी हसून सोडून देईन. नाशिकला आले की मात्र चहा व्हायच्या आत माझं कोणाशी तरी वाजतं. गणेश म्हणतो, “ताई, तू भांडायला येतेस का?”

हो, भांडायलाच येते. दुनियेनं काहीही समजावं, मला फरक पडत नाही. फरक पडतो तो एकाच घरात, एकाच माणसाच्या तोंडून. म्हणून तर दर वेळी मुंबई मागते, नाना. जवळ असले तर दर सुट्टीला येईन, आणि तुम्ही ‘आमच्या वैशालीनं केलं’ म्हणेपर्यंत भांडेन.