जनावर शांत आहे

डॉक्टर भेटले की आधी हात मिळवत आणि मग त्याच हाताचा अंगठा समोरच्याच्या कमरेच्या वर, बरगडी संपते तिथे, हलकेच रुतवत. क्षणभर डोळे मिटत. मग गुण जाहीर होत, पाचपैकी. "पुणेकर, साडेतीन. भरत चाललाय." गुरांच्या अंगावर चरबी किती चढली ते असंच दाबून बघतात, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी बायकोला सांगून बसलो होतो की ऑफिसात एकाने माझ्या तब्येतीचं कौतुक केलं.

डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर, मूळचे सांगलीकडचे. आमची कंपनी ऑस्ट्रेलियातून मांस आणून सिंगापुरात विकणारी. तिकडे गुरांची एक नवी संकरित जात तयार झाली होती आणि तिच्या मांसाला इथे बाजार मिळवायचा होता. विकायला नेमले डॉक्टर, आणि बाजाराचा अंदाज काढायला मी. दोघांनीही आयुष्यात गोमांस खाल्लेलं नाही. कंपनीच्या दूरदृष्टीबद्दल याहून जास्त सांगायला नको.

डॉक्टरांकडे कौतुकाचं एकच वाक्य होतं: "जनावर शांत आहे." नव्या जातीबद्दल ते हे म्हणतच, पण घरमालकाबद्दल आणि आमच्या मॅनेजरबाईंबद्दलही म्हणत. एकदा जेवायला आले तर भरलं वांगं मोडता मोडता माझ्याकडे बोट करून बायकोला म्हणाले, "वहिनी, जनावर शांत आहे तुमचं."

"तुम्ही बसलायत म्हणून," ती म्हणाली.

इकडे माझा अहवाल तयार होत होता. पद्धत शास्त्रीय होती. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसाखालच्या हॉकर सेंटरमध्ये बसायचं, स्वतः डोसा खायचा आणि दुसऱ्यांच्या ताटात डोकवायचं. निष्कर्ष असा निघाला की देशातून हिंदू वजा केले की उरतात ती सगळी गिऱ्हाइकं. मुखपृष्ठावर मी त्या जातीच्या वासराचा फोटो टाकला, लांब पापण्यांचा, थेट तुमच्याकडे बघणारा. माल आकर्षक दिसावा म्हणून. डॉक्टर तो फोटो बराच वेळ बघत राहिले. "वासरू झकास आहे," म्हणाले, आणि आतलं एक पानही न उलटता अहवाल परत दिला. मी ती मंजुरी समजलो.

एक मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही तर डॉक्टरांची जागा बंद होणार होती, आणि जागेबरोबर त्यांचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहायचा परवानाच. क्वीन्सटाउनच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष. बाप मराठीत बोले, ती इंग्रजीत उत्तर देई.

"बाबा, कॅन आय फिनिश स्कूल हिअर ऑर नॉट?"

"बघू. नवं जनावर चालू दे."

शेवटी गिऱ्हाईक सापडलं. मरीन परेडमध्ये एका चिनी आंटीचं हॉटेल होतं, आणि शहरभर शाखा. तिने आम्हाला बोलावलं, तिच्या आचाऱ्याने आमच्याच मालाचा तुकडा शिजवून टेबलावर आणून ठेवला. आंटी म्हणाली, "डॉक्टर, यू ट्राय फर्स्ट."

डॉक्टर म्हणाले, मी खात नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"आय ऑल्सो डोन्ट ईट," ती म्हणाली. "आय प्रे टू क्वान यिन."

क्वान यिन ही त्यांची करुणेची देवी, आणि तिचे कितीतरी भक्त गोमांसाला शिवत नाहीत. माझ्या अहवालात ही देवी नव्हती. टेबलाभोवती तिघं आणि मध्ये एक वाफाळती बशी, असा तो बाजार भरला होता.

पण आंटी व्यवहारी होती. चव माझा आचारी बघेल, म्हणाली, तुम्ही एवढंच सांगा, हीच गाय का?

इथे डॉक्टरांनी मऊपणा सांगायचा, चरबी सांगायची, भाव सांगायचा. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबत होतो. डॉक्टर सांगू लागले. ही गाय विताना कुणाला त्रास देत नाही. पाय झाडत नाही. वासरू पडलं की लगेच वळून चाटायला लागते. कानामागे खाजवलं तर मान खांद्यावर टाकते. सांगता सांगता ते थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "व्हेरी शांत."

परिस्थिती सावरायला मी अहवाल पुढे सरकवला. मुखपृष्ठ वर. वासरू आंटीकडे बघू लागलं.

आंटीने बशीवर झाकण ठेवलं. "डॉक्टर, यू टॉक लाइक दॅट, हाऊ टू कुक?"

आम्हाला तिने चहा पाजला, जिन्यापर्यंत सोडायला आली. ऑर्डर दिली नाही.

जागा बंद झाली. कंपनीने डॉक्टरांना तिकडे ऑस्ट्रेलियात गोठ्यावरच नोकरी दिली, गाईंची बाळंतपणं करायच्या कामावर. मुलगी स्टुडंट पास काढून शाळा संपेपर्यंत आमच्याकडे राहायला आली. ते माझ्या बायकोने ठरवलं होतं. मला फक्त माझी खोली रिकामी करायला सांगितली. चांगी विमानतळावर मी सवयीने पोट सैल सोडून उभा राहिलो. डॉक्टरांनी अंगठा पुढे केला, आणि मग तोच हात पोरीच्या डोक्यावर ठेवला. मला गुण मिळाले नाहीत.

पुढे कुणी एक खाणारा माणूस विक्रीला आला आणि जात चालली. माझा अंदाज खरा ठरला, असं मी बायोडेटात लिहिलं आहे. परवा सुपरमार्केटात त्या जातीच्या मांसाचं पाकीट दिसलं, आणि काय झालं कोण जाणे, मी त्यात अंगठा रुतवला. डोळेही मिटले असावेत.

"अंकल, डोन्ट प्रेस लाह," कामावरची पोरगी म्हणाली. प्लास्टिक फाटलं होतं. घ्यावं लागलं.

ते आता आमच्या फ्रीजरमध्ये आहे, खोवलेल्या नारळाच्या मागे, तीन पिशव्यांत गुंडाळलेलं. बायकोने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "डॉक्टरांचं आहे." तिने दार लावून घेतलं. खाणार कुणी नाही, आणि टाकायला हात होत नाही.

काल डॉक्टरांची मुलगी आइस्क्रीम काढायला गेली. पिशव्या बाजूला करून तिने पाकिटावरचं नाव वाचलं. मग अंगठा दाबून पाहिला. बर्फासारखं घट्ट. आमच्या घरी आल्यापासून मराठीत एक शब्द न बोललेली ती पोरगी अगदी बापाच्या चालीत म्हणाली, "जनावर शांत आहे." आणि दार लावायचं विसरून तशीच उभी राहिली.