ताईचं ताट

पदराआड बाळाला पाजत ताई शेंगदाण्याच्या चटणीशी भाकरी खाते आहे, आणि मी नुसती बघत बसले आहे.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. बाळाच्या गळ्यावर पुरळ उठलं, तेव्हा आईने तिचे शेंगदाणे बंद केले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अंडं नको गं, दुधातून उतरतं." घरातली पहिली कॉलेजात गेलेली म्हणून मला विचारलं. मी मोबाईलवर वाचून घाबरत तिला दूध पिणंही बंद करायला सांगितलं. ताटात नुसता वरणभात उरला. ताई हळूच म्हणाली, "माझ्याच दुधात काही वाईट असेल का गं?"

आज लस द्यायला नेलं, तर नर्सबाईंनी फ्रॉकची जाळीदार कॉलर उचलून दाखवली. "हे टोचतंय बाळाला. जुनं, मऊ सुती घाला. आणि हिला पोटभर जेवू द्या!"

तो फ्रॉक मीच हौसेने आणला होता.

माया आम्हा सगळ्यांचीच होती. उपाशी मात्र ती एकटी राहिली. मला हे नीट सांगता येत नाही.

"विदुषीबाई," ताई हसत म्हणाली, "मोबाईलला विचारा, दुसरी भाकरी चालेल का?"

मी न विचारता वाढली.