दिलीपची निळी पावडर

या सदरातले अनुभव मी वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून. पिंपळावरची बाई, मागून येणारी पावलं, अमावास्या... बहुतेक वेळा लाइट गेलेली असते आणि माणूस आधीच घाबरलेला असतो. एवढ्यावर लिहिणाऱ्यांचं भागतं. मी मूळची धुळ्याची. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, नवस, उतारा असले शब्द वडिलांनी उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिले नाहीत. पुढे मी फिजिक्स शिकले, जन्मभर तेच शिकवलं. तेव्हा मला कोणी भोळी समजू नये. समजलात तरी मला त्याचं काही वाटणार नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. जळगावच्या एका कॉलेजात मी लेक्चरर होते आणि पीएच.डी. करत होते. विषय – ऑरगॅनिक सोलर सेल. म्हणजे सिलिकॉनऐवजी रंगांपासून केलेला सेल. थॅलोसायनीन नावाचा एक निळा रंग असतो. ऑइल पेंटमध्ये, छपाईच्या शाईत असतो तोच. वीज वाहून नेणाऱ्या काचेवर त्याचा अतिशय पातळ थर द्यायचा, त्यावर एका लाल रंगाचा थर, सगळ्यात वर चांदीचा. उजेड पडला की करंट मिळतो. अगदी थोडा. स्टाफरूममध्ये विचारायचे, मॅडम, यावर निदान टॉर्चचा बल्ब तरी लागेल का? परीक्षेच्या नोट्स छापून विकण्यापलीकडे ज्यांनी संशोधन केलं नाही, त्यांना उत्तर देण्याची मला कधी गरज वाटली नाही.

खरी मेख होती मटेरियलमध्ये. बाजारातून आणलेला रंग तसाच वापरला तर सेल धड चालतच नाही. तो शुद्ध करावा लागतो. काचेच्या नळीत, व्हॅक्यूममध्ये तापवून त्याची वाफ करायची, नळीच्या थंड भागात बारीक सुया जमतात, त्या खरवडून काढायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. हे काम दिलीप करायचा. केमिस्ट्रीतला, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच पीएच.डी.च्या मागे लागलेला. पिंपळनेरजवळच्या एका खेड्यातला. त्या सबंध कॉलेजात ज्याच्याशी बोलावंसं वाटे असा तो एकटाच होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला कावीळ झाली आणि तो गावी गेला. धुळ्याला चांगले डॉक्टर होते, एस.टी. होती. वडिलांनी त्याला नेलं कुठे, तर नाकात झाडपाल्याचा रस सोडणाऱ्या एका माणसाकडे. एम.एस्सी. झालेल्या मुलाला. महिनाभरात तो गेला. मला रडू आलं नाही, संताप आला. माझ्या लॅबमधल्या त्याच्या टेबलावर निळ्या पावडरीची बाटली तशीच होती.

मे महिन्याच्या सुट्टीत मी टेस्टिंगला बसले. कंपनीची पावडर, मी स्वतः शुद्ध केलेली आणि दिलीपची – तिन्हींचे सेल केले. पहिल्या मजल्यावरची लॅब, खिडक्यांना काळा कागद, बाहेर जळगावचं दुपारचं ऊन. स्लाइड प्रोजेक्टरचा दिवा, मध्ये उष्णता अडवायला पाण्याची काचेची टाकी, पुढे सेल. शेजारी ताडून बघायला एक सिलिकॉन सेल, आणि दोन्हींना वेगवेगळे मीटर.

दिलीपच्या पावडरीचा सेल सगळ्यांत सरस निघाला. पण मध्येच त्याच्या मीटरची सुई खाली यायची. एकदम नाही... हळूहळू उतरायची, थोडं थांबायची, हळूहळू चढायची. दिव्यासमोरून कोणी सावकाश चालत गेलं तर होईल तसं. शेजारचा सिलिकॉन सेल मात्र ढिम्म. म्हणजे उजेडात काही फरक नव्हता.

माणूस शहाणा असला की त्याने काय करावं ते सगळं मी केलं. तारा बदलल्या. चांदीची पेस्ट नव्याने लावली. दिवा बदलला, स्टॅबिलायझर लावला. मीटर आलटून पालटून पाहिले. त्याच बाटलीतून नवे सेल केले. दिलीपच्या सगळ्या सेल्समध्ये तेच, बाकी कशातच नाही. गाईडना सांगितलं तर ते म्हणाले, खालचे आकडे गाळा, बाकीच्यांची सरासरी काढा. त्यांना पेपर हवा होता. आमच्या डिपार्टमेंटच्या बोरसे सरांचा निदान विश्वास तरी प्रामाणिक होता – त्यांनी व्हॅक्यूम पंपाला लिंबू-मिरची बांधली आणि आवाज खाली आणून मला म्हणाले, त्याचा जीव अडकलाय मॅडम. मी ते लिंबू कापून सरबत केलं. त्यांनाही दिलं एक ग्लास.

अशातच एका दुपारी दिलीपचे वडील आले. आबा. धोतर, टोपी, हातात रिकामी पिशवी. मुलाचं सामान न्यायला आले होते. माझं रीडिंग अर्ध्यावर होतं. मी त्यांना बसा म्हटलं नाही, नुसतं स्टूल दाखवलं. दिव्यापासून ते बऱ्यापैकी लांब, माझ्या पाठीमागे बसले. बसताना विचारलं, "तो आठेच बसे का?"

हो, इथेच बसायचा म्हटलं, आणि मीटरकडे पाहिलं. सुई उतरायला लागली होती. नेहमी थांबायची तिथे थांबली नाही. शून्यावर गेली आणि तिथेच राहिली. उजेड सेलवर लख्ख पडलेला, शेजारच्या मीटरची सुई जागची हललेली नाही. मी तारा दाबून पाहिल्या. काही नाही. सेल मेला असं वाटलं, आणि का कोण जाणे, इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. मी मागे वळले.

"तुम्ही त्याला धुळ्याला न्यायला हवं होतं," मी म्हटलं. "तो वाचला असता. तुम्ही मारलंत त्याला."

म्हाताऱ्या माणसाशी असं बोलू नये, हे मला कळतं. पण मला ते बोलायचंच होतं.

आबांनी मान खाली घातली नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "हां मॅडम. मी चुकनू. पोरगं सोता सांगे, आबा, धुये लई चाल. मी नही लई गवू."

म्हणजे धुळ्याला घेऊन चला, असं दिलीपने स्वतः सांगितलं होतं. मागितलं होतं. मला हे माहीत नव्हतं. मी पुन्हा मीटरकडे वळले. सुई वर येत होती. सावकाश, न अडखळता, पूर्ण वर... आणि तिथेच ठरली.

आबांनी दिलीपची पुस्तकं, डबा, स्वेटर पिशवीत भरला. निळ्या पावडरीची बाटली उचलून उजेडात धरली आणि परत ठेवून दिली. ते जिना उतरले तेव्हा मी सोबत गेले नाही. मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही.

त्यानंतर त्या सेलची सुई पुन्हा कधी उतरली नाही. दिलीपच्या बाकीच्या सेल्सचीही नाही. पावडर तीच, काच तीच, दिवा तोच.

बोरसे सरांना कळलं असतं तर त्यांनी मुक्ती मिळाली म्हणून पेढे वाटले असते, म्हणून सांगितलं नाही. प्रबंधात मी एकच वाक्य घातलं – या नमुन्यांत सुरुवातीला अज्ञात कारणाने चढउतार आढळले. गाईडनी ते खोडलं. मी टाइप करताना परत घातलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. जोडण्या पाहिल्या? पाहिल्या. दिवा? पाहिला. पावडरीत अशुद्धता? असेल, पण मग ती नंतर कुठे गेली?

"मग कारण काय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पान उलटलं.

आता हे वाचून काही जण मला दिलीपच्या आत्म्याबद्दल लिहितील, काही जण सैल जोडणीबद्दल. दोघांनीही तसदी घेऊ नये. जोडणी सैल नव्हती, मी स्वतः तपासली होती. आणि आत्मा नसतो. तरीही ती सुई त्या दुपारी खाली गेली, आणि मग वर आली.