दोन घमेली चोथा

“घाई केली की त्याल रुसतं गो,” असं म्हणत मावशी कढईतला चिमूटभर पाला उचलायची आणि बोटांत वळायची. त्याची वात वळली की ती आचेवर धरायची. तडतडली तर तेलात अजून पाणी आहे. गुपचूप जळली की कढई उतरवायची. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिनं कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

अशी एखादी बाई तुमच्याही ओळखीत असेल. बोटांची कातडी भाजून भाजून जाड झालेली, आणि जगातल्या समद्या बायकांना एका ‘गो’वर भागवणारी.

अंबरनाथ एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आमचा गाळा. मालक उल्हासनगरचे शेठ. केसांचं माक्याचं तेल आणि गुडघ्यांचं निर्गुडीचं, एवढी दोनच तेलं. मावशी वांगणीजवळच्या वाडीतून यायची, निर्गुडीचा पाला डोक्यावर घेऊन. मी हिंगोलीकडची. नववीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्यामागं इकडे आले आणि बाटल्या भरायला लागले. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून भरलेला ट्रे पडला. आता काढतात कामावरून, म्हणून मी भिंतीला टेकून उभी. मावशी फडकं घेऊन आली. “रडतंस काय? उभ्यानं पाय दुखत्यात ना तुझं? मंग सांडल्यालं लाव पायाला.” आणि तिनं खरंच माझ्या पायाला लावलं.

प्रदूषणवाल्यांचे कागद अधूनमधून यायचे. एका कागदानं लाकडाची चूल गेली, गॅसची शेगडी आली. दुसऱ्यानं प्लास्टिकच्या बाटल्या किती घेतल्या ते कळवायचं आणि त्यावर भरणा करायचा ठरलं. मावशी म्हणायची, “धुराचा कर झाला, बाटलीचा झाला. आता घामाचा कवा येतो, बगू.”

शेठ हात जोडायचे. “मौसी, उनको आयडिया मत दे!”

मग ऑफिसातला माणूस काम सोडून गेला, आणि प्रदूषणवाल्यांचा वर्षाचा फॉर्म माझ्याकडे आला. मराठी वाचता येतं, मोबाइल चालवता येतो, एवढीच माझी लायकी. शेठ म्हणाले, “मागच्या वर्षीचं बघ आणि तसंच भर.” पण मागच्या वर्षीचं मला सापडलंच नाही, आणि ते सांगायची छाती झाली नाही. कचरा किती निघतो, असा एक रकाना होता. मी मावशीला विचारलं, “तेल गाळल्यावर चोथा किती राहतो?”

“एका कढईला दोन घमेली. पन त्यो कचरा कुठंय गो?”

खरंच नव्हता. वाडीतल्या बायका दर शनिवारी येऊन तो घेऊन जायच्या. कुणी गुडघ्याला बांधायची, कुणी चुलीत घालायची. पण मला वाटलं, खरं लिहिलं की भीती राहत नाही. यादीत पाल्याच्या चोथ्याचं नाव दिसलं नाही. ‘तेलकट गाळ’ दिसलं. जवळचं वाटलं, तेच निवडलं आणि फॉर्म पाठवून दिला.

काही महिन्यांनी साहेब तपासणीला आले. माणूस शांत होता. म्हणाला, “हा घातक कचऱ्याचा वर्ग आहे. तुम्हीच लिहून दिलंय. कुठं टाकता? पावत्या दाखवा.” वाडीतल्या बायकांच्या कसल्या पावत्या? फॉर्मात दुरुस्ती होईल, पण तोवर भट्टी बंद, आणि त्या वर्गाचं शुल्क भरावं लागेल, असं सांगून ते गेले.

शेठ आमच्याकडे वळले. “ये किसके कहने पे लिखा?”

खोलीचं भाडं, पोराची शाळा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

मावशी म्हणाली, “मी सांगितला तिला तसा लिवाया. तिला काय कलतंय?”

“मौसी, इतने साल में ये सीखा?”

“व्हय,” मावशी म्हणाली, आणि कढई पुसत राहिली.

दुरुस्ती झाली. पण तेवढ्या दिवसांत शेठनी बाहेरून तयार तेल मागवून पाहिलं. धूर नाही, चोथा नाही, तपासणीची कटकट नाही. भट्टी पुन्हा पेटलीच नाही. मावशीला म्हणाले, आता आराम कर.

ती निघाली तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. “मी शेठना खरं सांगते,” म्हटलं.

“गप रव. माजं दोन वाफं भात हाय वाडीला. तुजं काय हाय हितं?”

तिनं पदर खोचला आणि रिक्षावाल्यांना हात न करता स्टेशनकडे चालत निघाली.

पुढचे दोन शनिवार वाडीतल्या बायका रिकामी घमेली घेऊन आल्या. तिसऱ्या शनिवारी आल्या नाहीत. मावशी कशी आहे हे त्यांना विचारायचं राहून गेलं. खरं तर विचारवलं नाही.

यंदाचा फॉर्मही मीच भरला. कचऱ्याच्या रकान्यात शून्य टाकलं. यात खोटं काहीच नव्हतं. तरी बराच वेळ मी तो पाठवला नाही.