क्लच नसलेली गाडी

रविवार, दिनांक २५ फेब्रुवारी २००७, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. काल्हेरच्या आमच्या गोदामाच्या आवारात मी एका परक्या गाडीच्या स्टिअरिंगमागे बसलो. शेजारी माझे थोरले बंधू बसले. त्यांची कुबडी दोघांच्या मधे तिरकी ठेवलेली होती. गाडी ऑटोमॅटिक होती. ती घ्यावी, की नेहमीसारखी हाताने गिअर टाकायची घ्यावी, एवढाच निर्णय मला त्या दिवशी करायचा होता.

निर्णय माझ्याकडे होता, कारण घरचे व्यवहार माझ्याकडे होते. आमच्या भातखाचरांवर गोदामे उभी राहिली तेव्हा करारपत्रे मी वाचली. मी शाळामास्तर होतो. दादा ट्रकवर होते. भिवंडीच्या मागावरचे कोरे कापड राजस्थानात रंगाईला पोहोचवायचे आणि परतीचा माल भरून यायचे, यात त्यांचे आयुष्य गेले. आधी दुसऱ्याचा ट्रक होता, पुढे स्वतःचा झाला. मधुमेह होता, त्याकडे त्यांनी कधी लक्ष दिले नाही. आदल्या वर्षी चपलेचा पट्टा लागून डाव्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तेव्हापासून ते ओट्यावर बसत. समोरून ट्रक गेला की इंजिनाच्या आवाजावरून गिअर ओळखत आणि चालवणाऱ्याला ओट्यावरूनच सूचना करीत. ‘अरे तिसऱ्यात टाक, मारतंस का तिला!’ ट्रकवाल्याला ते ऐकू जात नसे. बनावट पाय करवून आणला होता. तो टोचतो म्हणून कपाटावर ठेवून दिला. दवाखाना सोडला तर ते गाडीत बसून कोठेही गेले नाहीत. जवळच्याच कोन गावात भाचीचे लग्न झाले, तेथेही आले नाहीत. मी बोलावायला गेलो तेव्हा म्हणाले, ‘दुसऱ्यानं न्यायचा आनि उतरवायचा? मी काय माल हाय?’

घरची गाडी जुनी झाली होती. पुतण्याच्या, म्हणजे दादांच्या मुलाच्या मनात मोठी डिझेल गाडी होती. चालवायला माणूस ठेवू, म्हणजे बाबांचीही सोय होईल, असे तो म्हणे. माझा कल साध्या, लहान, हाताने गिअर टाकायच्या गाडीकडे होता. ऑटोमॅटिकला पेट्रोल अधिक लागते. ती बंद पडली तर धक्का देऊन चालू होत नाही, आणि भिवंडीच्या रस्त्यावर धक्का द्यायची वेळ कोणावरही येते. पुन्हा विकायला काढली तर गिऱ्हाईक फिरकत नाही. ज्या मेकॅनिककडे आम्ही वर्षानुवर्षे जातो, त्याला मी मुद्दाम विचारले होते. त्याने हात पुसत सांगितले, ‘मास्टरजी, इसका गिअरबॉक्स इधर कोई नहीं खोलता. मैं भी नहीं खोलूँगा. बिगड़ी तो खींच के ठाणे ले जाना.’ त्याचे म्हणणे मला पटले होते.

दुसरी बाजूही होती. कशेळीच्या पुलावर कंटेनरची रांग लागली की तास तास पहिल्या गिअरमध्ये सरकावे लागते. क्लच दाबून माझ्या डाव्या गुडघ्याला रग लागत असे. ती मी घरात कोणाला सांगितलेली नव्हती. परंतु केवळ गुडघ्यासाठी मी ऑटोमॅटिकचा विचार केला नसता.

आमच्या एका गाळ्याचे भाडेकरू परदेशात मुलाकडे राहायला जाणार होते. त्यांची गाडी विकायची होती. शनिवारी त्यांनी ती आवारात आणून लावली आणि किल्ली माझ्या हातात दिली. ‘उद्या चालवून बघा, संध्याकाळपर्यंत फोन करा.’ ही गाडी चालवायला डावा पाय लागत नाही, एवढे मला ठाऊक होते. दादांना मी त्यातले काही सांगितले नाही. एक गाडी पाहायची आहे, एवढेच म्हणालो. गोदाम घराच्या मागेच आहे. ते कुबडी घेऊन आले.

मी गाडी चालू केली. गिअरच्या दांड्याशेजारी इंग्रजी अक्षरे होती. पुढे जाण्याच्या अक्षरावर दांडा आणला आणि ब्रेक सोडला. गाडी आपणहून निघाली. दादांनी खाली वाकून माझ्या पायाकडे पाहिले.

‘दाबलंस?’

‘नाही.’

‘मंग ही कोनाच्या हुकमानं चालली?’

आवाराच्या मध्यापर्यंत सुरळीत गेलो. वेग वाढला, इंजिनाचा आवाज चढला. गिअर बदलण्याची वेळ झाली असे शरीराने ठरवले आणि माझा डावा पाय क्लचसाठी उठला. क्लच नव्हता. त्याच्या शेजारच्या जागेत रुंद ब्रेक होता. क्लच दाबावा तसा मी तो तळापर्यंत दाबला.

गाडी जागच्या जागी उभी राहिली. पट्टा लावलेला होता म्हणून दादांचे डोके वाचले. हात मात्र पुढे आदळले आणि कुबडी काचेवर आपटली. फाटकावरचा पहारेकरी काठी घेऊन धावत आला.

‘क्या हुआ, मास्टरजी?’

उत्तर दादांनी दिले. ‘कुछ नहीं. मास्टर को एक पैर ज्यादा हो गया.’

आणि ते हसले. वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिले नव्हते. मी गाडी पुन्हा पुढे घेतली आणि थोड्याच अंतरावर तीच चूक पुन्हा केली. या वेळी दादांनी डॅशबोर्ड आधीच धरून ठेवला होता.

‘पाय बांधून ठेव रं तो,’ ते म्हणाले. ‘न्हायतर माझ्यासारखा काढून ठेव.’

मी डावा पाय मागे घेतला, सीटखाली अडकवून ठेवला आणि आवाराला एक पूर्ण फेरी मारली. चूक झाली नाही. मी गाडी थांबवताच दादांनी आपल्या बाजूचे दार उघडले.

‘उतर. दे इकरं.’

हेच व्हावे म्हणून मी त्यांना आणले होते. तरी उतरायला मला थोडा वेळ लागला. ते बॉनेटवर हात टेकीत टेकीत पलीकडे आले, बसले, सीट मागे सरकवली, तिन्ही आरसे स्वतःपुरते फिरवून घेतले. कुबडी माझ्याकडे दिली. तेवढ्यात वहिनी मागच्या दाराने बाहेर आल्या. हातातले काम टाकून आल्या असाव्यात. पदराला हात पुसत होत्या.

‘अवो, उतरा! एक पाय गेला त्यानं भागला न्हाय काय?’ दादांनी काच वर केली. मग त्या माझ्याकडे वळल्या. ‘भावोजी, तुमी शिकलेले ना? तुमाला तरी कळाला पायजे.’

‘फाटक बंद आहे, वहिनी,’ मी म्हणालो आणि शेजारी बसलो.

दादांनी ब्रेक सोडला. गाडी सरकू लागली. त्यांनी तिला तशीच सरकू दिली, मग उजव्या पायाने हळूहळू वेग दिला. आवाज चढला तसा त्यांचा डावा हात दांड्यावर गेला आणि डावी मांडी उचलली गेली. खाली पाय नव्हता. पायजम्याचा मुडपलेला पायचा तेवढा हलला. ब्रेक दाबला गेला नाही. गाडी गिअर बदलून पुढे निघाली. थोड्या वेळाने पुन्हा तसेच झाले. माझ्या हातून जी चूक दोनदा झाली, ती त्यांच्या हातून होणे शक्य नव्हते.

‘दाबतंय मी,’ ते समोर बघत म्हणाले. ‘दर टायमाला दाबतंय. तळव्याला लागतंय पन.’



दुसऱ्या फेरीत त्यांचा चेहरा उतरला. मला वाटले, थकले. तसे नव्हते. गाडी त्यांना आवडली नव्हती. चढावर कोणता गिअर लागेल, उतारावर इंजिनाने गाडी कशी धरायची, हे सगळे ते स्वतः ठरवीत आले होते. या गाडीत त्यांना कोणी काही विचारत नव्हते.

‘हिला डायवर नको,’ ते म्हणाले. ‘हिला नुसता बसायला मानूस पायजे.’

‘मग नको घ्यायला?’

गोदामाच्या फलाटापाशी दोन रिकामे ट्रक उभे होते, त्यांच्या मधे एका गाडीपुरती वाट होती. दादांनी काच खाली केली, दार धरून मान बाहेर काढली, दांडा मागे जाण्याच्या अक्षरावर आणला आणि गाडी त्या वाटेतून उलटी नेऊन फलाटाला लावली. मधे ती थांबली नाही. फलाटापासून वीतभर अंतरावर उभी राहिली. वहिनी अजून तेथेच उभ्या होत्या. हे पाहून त्या आत निघून गेल्या.

नंतर दादांनी गाडी बाहेर काढली आणि थेट फाटकाशी नेली. पुढचा भाग लोखंडाला लागायला थोडा राहिला. त्यांनी हॉर्न वाजवला. पहारेकऱ्याने कडीला हात घातला आणि माझ्याकडे पाहिले.

‘खोलना मत,’ मी म्हणालो.

‘खोल,’ दादा म्हणाले.

पहारेकरी कडी धरून उभा राहिला. त्याचा पगार मी देत असे.

‘दादा, रस्त्यावर नाही. तुझे लायसन दोन पायांचे आहे.’ पाय गेलेल्या माणसाला नव्याने तपासणी आणि चाचणी देऊन परवाना घ्यावा लागतो, याची चौकशी मी आधीच करून ठेवली होती. तो मिळेलच, असे मला कोणी सांगितले नव्हते. तेही मी त्यांना सांगितले.

‘कशेलीपरत जातो आनि येतो. रविवार हाय. कोन बघतंय?’

‘नाही.’

‘मंग बसवलंस कशाला? पोराला पालन्यात बसवतात तसा?’

मी किल्ली काढून घेऊ शकलो असतो. हात पुढे केला नाही. ते माझ्याहून मोठे, आणि गाडी त्यांच्या हातात होती. इंजिन चालू राहिले. फाटकापलीकडून एक कंटेनर गेला, त्याचा गिअर करकरला. या वेळी दादांनी सूचना केली नाही. ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मग त्यांनी दांडा मधे आणला, हातब्रेक ओढला आणि स्वतःच इंजिन बंद केले.

‘लाल पाटी लावावी लागंल?’ त्यांनी विचारले.

‘हो. शिकाऊ.’

‘गाव हसंल.’

‘हसेल.’

‘हसू दे. कागद कर, मास्तर.’ आणि त्यांनी कुबडीसाठी हात पुढे केला.

दुपारी जेवणावर पुतण्याने विषय काढला. त्याला वहिनींनी सर्व सांगितले होते. दादा आत पडले होते.

‘काका, ऑटोमॅटिक गारी बायका चालवतात.’

‘मग तुझ्या आईलाही चालवता येईल.’

वहिनींनी त्याच्या ताटात भात वाढला. हसू त्यांनी दाबले, ते मला दिसले. पुतण्या थोडा वेळ जेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, ‘आनि बाबांना लायसन न्हाय मिलाला तर?’

त्याची भीती वाजवी होती. मेकॅनिकचे म्हणणेही वाजवी होते. पेट्रोलचे, विक्रीचे, धक्क्याचे, माझे स्वतःचे सर्व मुद्दे त्या दुपारीही तितकेच बरोबर होते. त्यांपैकी एकही खोडून काढण्याजोगे काही घडलेले नव्हते.

‘तर ती आवारात चालेल,’ मी म्हणालो.

सायंकाळी पाच वाजता मी भाडेकरूंना फोन करून गाडी घेत असल्याचे कळवले. गाडी कशी वाटली, असे त्यांनी विचारले. चांगली आहे, म्हणालो. नंतर शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो ठाण्याला परिवहन कार्यालयाबाहेर अर्ज भरून देण्याचे काम करतो. मंगळवारी दोघांनी यावे, डॉक्टरांचे सर्व कागद बरोबर आणावेत, असे त्याने सांगितले. चाचणीला कोणती गाडी आणणार, असेही विचारले. मी सांगितले. त्याने ‘मग बघू या’ असे उत्तर दिले. त्यात होकार किंवा नकार काही नव्हता.

अंधार पडण्यापूर्वी आणखी एक काम होते. ओट्याला लागून एकच गाडी उभी राहते, आणि तेथून दादांना गटार न ओलांडता, कुबडीशिवाय, खांबाला धरून गाडीत बसता येते. त्या जागेवर आमची जुनी गाडी उभी होती. मी ती बाहेर काढली आणि गल्लीच्या टोकाला नेऊन लावली. तेथे उतार आहे आणि तिचा हातब्रेक नीट धरत नाही. म्हणून पहिला गिअर टाकून ठेवला, खाली उतरलो आणि पुढच्या चाकाला दगड लावला.