अध्यक्ष नसलेली तेवीस माणसं

ज्या ग्रुपला अध्यक्ष असतो त्याची इतिवृत्तं होतात, ज्याला नसतो त्याचे किस्से होतात. आमच्याकडे तर इतके साठलेत की सांगायला बसलं की चहा गार होतो!

आम्ही तेवीस जण. नाशिकच्या आसपासच्या शेतांत हवामान मोजणारी मशीनं बसवतो. त्यांच्या नोंदी ब्लॉकचेनवर जातात, म्हणजे सगळ्यांकडे एकसारख्या राहतात आणि कोणालाही गुपचूप खोडता येत नाहीत. निर्णयही तसेच. कोणीही ठराव मांडावा, सात दिवस फोनवर मतदान, माणशी एक मत. हे सगळं चालवणारा प्रोग्राम मी लिहिला. त्यामुळे अडीनडीला तो ताबडतोब बदलायची किल्ली माझ्याकडे. मागच्या हंगामात ती जायची वेळ आली होती. ते सांगतेच, पण आधी ही माणसं कोण ते कळू दे.

*

वणीजवळच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या गच्चीवर मशीन बसवायचं होतं. ग्रामसेवक म्हणाले, "अर्जावर अध्यक्षांची सही लागेल."

आमचे शकीलभाई, नाशिकच्या द्वारका चौकात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, ते म्हणाले, "साहेब, अध्यक्ष नाही. आहेत तेवढ्या सगळ्यांच्या घ्या!"

बाहेर टेम्पोत बावीस जण बसलेच होते. सह्या अर्जाच्या मागच्या पानावर गेल्या.

ग्रामसेवक हैराण. "अहो, उद्या काही भांडण झालं तर फोन कोणाला करू?"

"कोणालाही करा साहेब. भांडण सगळ्यांचंच असतं!"

*

प्रोग्रामचे सगळे नियम मी ठरावात मांडले तेव्हा एकाचीही कॉमेंट आली नाही. मशीनच्या खांबाला रंग कोणता, यावर मात्र सात दिवस युद्ध! हिरवा एका मताने जिंकला.

शकीलभाई निळ्याच्या बाजूने तावातावाने भांडलेले. दुसऱ्या दिवशी पाहते तर स्वतः उन्हात उभे राहून खांब हिरवा रंगवतायत.

"अहो, तुम्ही तर हरलात ना?"

"हरलो म्हणून काय झालं मॅडम, ब्रश तर माझाच आहे!"

*

आमच्यात एक सोय आहे. वेळ नसेल तर आपलं मत दुसऱ्याकडे सोपवता येतं. सुनंदाताई सरकारी ऑफिसात क्लार्क, माहेरची शेती दिंडोरीला. प्रत्येक ठराव शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी ही एकमेव बाई. मग काय, एकेकाने आपलं मत ताईंकडे टाकलं. एक दिवस मी मोजलं तर त्यांच्याकडे चौदा मतं!

मी फोन केला. "ताई, आता तुम्हीच सरकार!"

त्या घाबरल्याच. तासाभरात सगळ्यांची मतं परत, आणि ग्रुपवर मेसेज: "आपापलं मत घेऊन जा. मी घरात भाजीसुद्धा चौघांना विचारून करते!"

*

मत द्यायची प्रत्येकाची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. फोन हरवला तर हेच शब्द टाकायचे, आणि कोणाला सांगायचे नाहीत. कळवणकडचे आमचे काशिनाथनाना द्राक्षवाले. त्यांनी ते कोळशाने गोठ्याच्या भिंतीवर लिहिले. दिवाळीला काकूंनी भिंत पांढरी केली, आणि त्याच आठवड्यात नानांचा फोन विहिरीत!

नाना नवा फोन घ्यायला काकूंसह कळवणला गेले. तिथे भरगच्च दुकानात काकूंनी बाराच्या बारा शब्द खड्या आवाजात म्हणून दाखवले. रोज धार काढताना समोर दिसायचे, पाठ झाले होते.

नानांनी नव्या फोनवरून हे कौतुकाने सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. "नाना, आता किल्ली बदलावी लागेल."

"कशापायी पोरी? लय चांगली हाय! आता तर सारी गल्ली ध्यानात ठेवंल!"

*

आता माझं. द्राक्षं ऐन भरात असताना मी प्रोग्राममध्ये एक बदल केला. बारीकसा आहे, ठराव कशाला, म्हणून किल्ली वापरून परस्पर केला. त्या बदलाने नानांचं मशीन दोन दिवस गप्प झालं. दव पडल्याचा इशारा त्यांना मिळालाच नाही, फवारणी हुकली आणि कडेच्या दोन ओळींवर डावणी, म्हणजे द्राक्षांवरची बुरशी, आली.

नाना मला एक शब्द बोलले नाहीत. मलाच घास गोड लागेना. ज्या नियमांसाठी मी सगळ्यांच्या मागे लागायचे, ते मीच मोडले होते. मी ठराव मांडला: "माझी किल्ली काढून घ्यावी."

पहिला दिवस गेला, मत नाही. तिसरा गेला, नाही. खांबाच्या रंगावर तुटून पडणारी माणसं चिडीचूप! आमच्या नियमाप्रमाणे सात दिवसांत निम्म्यांनी मत दिलं नाही तर ठराव बाद होतो. सातव्या दिवशी स्क्रीनवर आलं: होय एक, नाही शून्य, ठराव बाद. ते एक मत माझंच होतं.

मी सुनंदाताईंना फोन केला. "ताई, तुम्ही मत नाही दिलंत?"

"अगं, ऑफिसच्या गडबडीत राहूनच गेलं बघ."

शकीलभाईंना केला. "फोन चार्जिंगला होता मॅडम."

"सात दिवस?"

"बॅटरी जुनी आहे."

डोळे भरून आले होते. तसाच नानांना लावला. "नाना, नुकसान तुमचं झालं. निदान तुम्ही तरी मत द्यायचं!"

"कसं देनार पोरी? आठ दिस झाले, आमच्याकडं रेंजच नाय."

समोर लॅपटॉप उघडा होता. नानांच्या बांधावरचं मशीन त्याच फोनच्या रेंजवर चालतं. आठही दिवस, दर दहा मिनिटांनी, एकही नोंद न चुकता त्याने हवामान पाठवलं होतं.