वरच्या पलंगाचा कठडा
तेलरंगाचा वास आला की मला चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातले वेल्डिंगवाले सरदारजी आठवतात. क्वार्टरच्या एका खोलीत दोन मुली झोपवायच्या म्हणून आम्ही त्यांच्याकडून दुमजली लोखंडी पलंग करून घेतला. वर थोरली झोपणार, हे मीच ठरवलं होतं. कठड्याचं माप देताना मी आमची अकोल्याची जाड गादी विसरले. "गद्दा कितना मोटा, बहनजी?" त्यांनी विचारलं. मी वीतभर हात दाखवला. म्हणजे कठडा चारच बोटं उरणार होता. मग ते थोरलीला म्हणाले, "बेटा, ऊपर डर लगता है?" ती रडायलाच लागली. "एवढी घोडी झालीस!" मी ओरडले. "डांटो मत," म्हणत त्यांनी आणखी दोन सळ्या जोडल्या. आता मी म्हातारी झालेय; परवा थोरलीने माझ्या खाटेला कठडा बसवला. आधी विचारलं, "आई, पडायची भीती वाटते?" मी सरळ हो म्हटलं.